मीराबाईंचं खरं वाक्य

कीप म्हणजे ठेवणे, एवढंच मीराबाई इतकी वर्षं धरून चालल्या होत्या. रसिका मॅडमच्या इंग्रजीच्या क्लासात कळलं की हा शब्द भलताच कामसू. दूध फ्रिजमध्ये ठेवायला तोच, पोरांना गप्प बसवायला तोच, दिलेलं वचन पाळायलाही तोच. आणि सासू सारखी बोलतच राहते म्हणून रडगाणं गायलाही तोच. कल्याणमधल्या त्या फ्लॅटच्या हॉलमध्ये दर शनिवारी एकच शब्द आणि मॅडमचा नियमही एकच: वाक्य पुस्तकातलं चालणार नाही, स्वतःच्या घरातलं, खरं हवं. "घाबरू नका, इथलं इथेच राहील."

मीराबाईंना इंग्रजी हवं होतं ते नातीशी बोलायला. मुलगा सम्यक ठाण्याला राहायचा. शहाडची खोली सोडून उन्हाळ्यात त्या कायमच्या त्याच्याकडे जाणार होत्या. पण त्या तिकडे राहायला गेल्या की सून दीप्ती बेडरूमचं दार लावून घ्यायची. हे सांगणार कुणाला? आपलेच दात, आपलेच ओठ. त्या शनिवारी मात्र त्यांनी धीर केला. "माय डॉटर-इन-लॉ कीप्स हर डोअर क्लोज्ड." एवढं बोलल्या आणि घळाघळा रडल्या. मॅडमनी जवळ घेतलं. कित्येक महिन्यांत त्यांना इतकं हलकं वाटलं नव्हतं.

चार दिवसांनी सम्यकचा फोन आला. "आई, तू काय सांगत फिरतेस? तो व्हिडिओ आपल्या फॅमिली ग्रुपवर आलाय. दीप्ती धड जेवत नाहीये. तू सध्या येऊच नको."

व्हिडिओ मॅडमचा होता. ओढणी डोक्यावर घेऊन त्या मीराबाईंचा आवाज काढत होत्या. "शहाडच्या आमच्या मीराबाई म्हणतात..." मागे हसण्याचा आवाज. रडणंसुद्धा हुबेहूब केलेलं. बाईने केसाने गळा कापला होता, तोही मजेत.

शनिवारी मीराबाई क्लासात गेल्या, पण बसल्या नाहीत; उभ्या उभ्याच मॅडमना व्हिडिओचं विचारलं.

"अहो मावशी, तुमचं वाक्य हिट झालंय! आणि आडनाव कुठे घेतलंय मी?"

"मॅडम, सून वाईट नाहीये माझी. तिच्याशी बोलायची हिंमत नव्हती म्हणून तुमच्याशी बोलले. तुम्ही मला माझ्या पोराचं घर बंद केलंत."

मॅडमनी तिथल्या तिथे व्हिडिओ उडवला आणि "झालं?" म्हणत फळ्याकडे वळल्या. बाकीच्या बायका वह्यांत डोकं घालून बसल्या.

मीराबाई बाहेर पडल्या, तशी तुळसा तेवढी त्यांच्या मागोमाग जिन्यात आली. ही त्यांची चुलत जाऊ. क्लासात त्यांना तिनेच आणलेलं. तिचा हात धरून मीराबाई म्हणाल्या, "पण आपल्या फॅमिली ग्रुपवर गेला कसा गं तो?"

तुळसा चपलांत पाय शोधत राहिली. "मीच टाकलेला, ताई. तुम्ही होतात ना त्यात. मजा वाटली बघून."

मीराबाईंनी हात सोडला. खाली शहाडच्या शेअर रिक्षात तुळसा आधी बसली आणि आत सरकून तिने जागा केली. मीराबाई मागच्या रिक्षात जाऊन बसल्या.