बारा साखळ्यांची चूक

मित्रांनो, मी जमीन मोजायची लोखंडी साखळी. लांबी तेहतीस फूट, दोन्ही टोकांना पितळी मुठी, अंगावर सोळा खुणा. या खुणांना मोजणीत आणे म्हणतात. वय विचारू नका, ते गंजच सांगतो. सध्या माझा मुक्काम चांदूर रेल्वेजवळच्या एका गावात, खुशालरावांच्या ओसरीतल्या खुंटीवर असतो.

माझा जन्म अमरावतीच्या एका लोहाराकडे झाला. त्यानं माझी कडी न् कडी ठोकली आणि फरशीवर कोरलेल्या दोन रेघांमध्ये मला ताणून पाहिलं. रेघेला रेघ जुळली तेव्हा कुठे त्यानं घाम पुसला. तिथून मी मोजणीदार खुशालरावांच्या हाती आले आणि एकतीस वर्षं त्यांच्याबरोबर धुऱ्याधुऱ्यानं हिंडले. धुरा म्हणजे दोन वावरांमधली हद्द. या एकतीस वर्षांत, शेजाऱ्यानं दगड सरकवला अशी तक्रार घेऊन आलेली माणसं मला शेकड्यांनी भेटली. आपलंच वावर जास्त भरतं अशी तक्रार घेऊन आलेला एकही भेटला नाही.

मोजणीची एक रीत सांगते, पुढे लागेल. चढउतारावर मला जमिनीवर टाकत नाहीत. एक टोक वर टेकवतात, दुसरं हवेत उचलून मला अगदी आडवी ताणतात आणि त्या टोकातून ओळंबा, म्हणजे दोरीला बांधलेलं वजन, खाली सोडतात. अशी पायरीपायरीनं मी टेकडी उतरते. कारण कागदावर जमीन सपाटच असते. टेकडी असो की नाला, सातबाऱ्याला त्याचं काही नाही.

पुढे मोजणीची यंत्रं आली, खुशालराव निवृत्त झाले आणि मी खुंटीला लागले. दोन उन्हाळे माझ्यावर लसणाच्या जुड्या वाळल्या. तक्रार नाही. लसूण चांगला वाळला.

मग गेल्या हिवाळ्यात मोबाइलवर एक बातमी आली. जगातल्या खेळांच्या मोठ्या स्पर्धेत क्रॉस कंट्री, म्हणजे मैदान सोडून रानातून, चढउतारावरून पळायची शर्यत, घ्यायचा विचार चालू आहे म्हणे. विचारच चालू होता, पण चांदूरहून आमच्या गावात पोचेपर्यंत त्याचा निर्णय झालेला होता. जानराव हे गावातले मोठे शेतकरी आणि त्याहून मोठे बोलणारे. ते चहाच्या टपरीवर म्हणाले, "मंग आमाले काहून नाही घेत? चाळीस वर्षं झाली, मी बैलामागं क्रॉस कंट्रीच करून राहिलो."

आजवर या शर्यतीला जिल्ह्यातून कोणी कोणाला धाडत नव्हतं. बातमी आली आणि लगेच संघ निवडायचं ठरलं. अट अशी की सहा किलोमीटर सत्तावीस मिनिटांच्या आत, आणि तेही मोजणाऱ्याची सही असलेल्या वाटेवर. नावं सोमवारपर्यंत अमरावतीला पोचायला हवी होती. निवडलेल्यांना तिथे तीन महिने राहून सराव करायचा होता.

आमच्या गावातून नाव एकच होतं, अपेक्षाचं. वय अठरा. आई रुख्मिणीबाई भाजीची वाडी करतात. वाडीतून शाळा तीन किलोमीटर, आणि ही पोरगी शाळेत कधी चालत गेलीच नाही. रुख्मिणीबाईंच्या मनात मात्र अकोल्याचं नर्सिंग कॉलेज होतं. तिथे प्रवेशाचा शेवटचा दिवस तोच सोमवार. मायलेकींचं ठरलं होतं. वेळ जमली तर अमरावती, नाही तर अकोला, आणि मग त्यावर पुन्हा बोलायचं नाही.

वाट आखायला क्रीडाशिक्षक श्रावण सर खुशालरावांकडे आले. सरांच्या मोबाइलवर अंतर दिसत होतं, पण मोबाइलला सही करता येत नाही. खुशालरावांनी लसूण उतरवला आणि मला खांद्यावर टाकलं. वाट आपल्या धुऱ्यावरून जावी असं सगळ्यांना वाटत होतं. आपल्या पिकातून जावी असं कोणालाच नाही. जानरावांनी ती स्वतःच्या विहिरीजवळून मागितली आणि दुसऱ्या दिवशी तूर तुडवली जाईल म्हणून परत केली. शेवटी वाट कोणाच्याच जमिनीतून गेली नाही. पांदणीनं, म्हणजे वावरांमधल्या गाडीवाटेनं, सरळ जायचं, सरकारी बरड टेकडी चढायची, पलीकडे उतरायचं, सपाटीवरच्या दगडाला वळसा घालायचा आणि त्याच वाटेनं टेकडीवरून परत यायचं. एक फेरी एक किलोमीटर, अशा सहा. खुशालरावांनी टेकडीवर मला आडवी धरली, ओळंबा सोडला, आकडे मांडले, सही केली. सरांचा मोबाइलही तेच म्हणाला.

शनिवारी सकाळी अपेक्षा पळाली. सहावी फेरी संपली तेव्हा सरांच्या घड्याळात सत्तावीस मिनिटं चोवीस सेकंद झाले होते. सरांनी दोनदा घड्याळ पाहिलं आणि आकडा वहीत लिहिला. जानराव म्हणाले, चोवीस सेकंद म्हणजे काय, तंबाखू मळायला तेवढे लागतात. पोरगी रडली नाही. बुटांच्या नाड्या सोडत आईला म्हणाली, "माय, अकोल्याची बॅग भर."

रुख्मिणीबाई टेकडीकडे बघत होत्या. त्या तशाच खुशालरावांजवळ आल्या.

"खुशालभाऊ, टेकडीवर साखळी कशी धरली होती?"

"जशी धरतात तशी. आडवी. ओळंबा लावून."

"मंग चुकलं."

खुशालरावांना एकतीस वर्षांत हे कोणी तोंडावर म्हटलं नव्हतं. धुऱ्याच्या भांडणात हरलेलेसुद्धा हे पाठीमागेच म्हणायचे. रुख्मिणीबाईंनी मग आपली गोष्ट सांगितली. त्यांच्या वाडीचा एक तुकडा उतारावर आहे. ठिबकाच्या नळ्या त्यांनी सातबाऱ्यावरच्या मापानं आणल्या, तर नळ्या पुरल्या नाहीत आणि मिरचीच्या ओळींची टोकं कोरडी राहिली.

"वावर कागदावर सपाट असते," त्या म्हणाल्या. "नळी कागदावरून नाही जात, जमिनीवरून जाते. माही पोरगीबी तशीच पळते."

श्रावण सरांनी मोबाइल पुढे केला. त्याकडे न बघता त्या म्हणाल्या, "तो आभाळातून पायते. त्यालेबी जमीन सपाटच दिसते."

खुशालरावांनी मला उचललं, टेकडीच्या पायथ्याशी नेलं आणि ओळंबा खिशात घातला. मित्रांनो, आयुष्यात पहिल्यांदा मी चढावर पाठ टेकली. गोटे टोचले, बोरीचे काटे कड्यांत अडकले. टेकडीचा चढउतार मिळून हवेत मी बारा वेळा भरले होते. जमिनीवर तेरा वेळा भरले. खुशालराव उलट्या बाजूनं पुन्हा मोजत आले. पुन्हा तेरा.

"जाताना एक, येताना एक. फेरीले दोन," ते म्हणाले. "सहा फेऱ्यांत बारा साखळ्या. पोरगी एकशेवीस मीटर जास्त पळाली."

सर म्हणाले, तेवढा वेळ कागदावर वजा करू. खुशालरावांनी मान हलवली. "वजा केलेल्या आकड्यावर मी सही करत नाही."

म्हणजे पुन्हा पळायचं, आणि हाती फक्त रविवार. पायांत सकाळचे सहा किलोमीटर मुरलेले. सगळ्यांनी अपेक्षाकडे पाहिलं. ती नाड्या पुन्हा बांधत होती, उगाचच, कारण आता घरीच जायचं होतं.

"दगड हालवा," ती म्हणाली. "उद्या पळते मी."

वळणाचा दगड एक साखळी अलीकडे आला. जाताना एक वाचली, येताना एक. रविवारी सकाळी रुख्मिणीबाई वाडीत गेल्या नाहीत. वळणाच्या दगडाजवळ उभं राहून त्यांनी लेकीच्या सहाही फेऱ्या बोटांवर मोजल्या. सव्वीस मिनिटं एक्कावन्न सेकंद.

खुशालरावांनी ओसरीत बसून दाखला लिहिला. शेवटची ओळ अशी: 'आधीची मोजणी चुकली होती, चूक माझी.' ही ओळ वाचून जानरावांना खुशालरावांनी बारा वर्षांपूर्वी मोजलेला आपला धुरा आठवला. मंग आमचीबी मोजणी चुकली असंल, असं ते म्हणाले.

"तुहं वावर सपाट हाय, जानराव," खुशालराव म्हणाले.

सोमवारी बॅग भरली ती अमरावतीसाठी. रुख्मिणीबाईंनीच भरली. त्यांना लेक अकोल्याला हवी होती. शनिवारी त्या गप्प राहिल्या असत्या तर लेक अकोल्यालाच गेली असती. मी फक्त मोजून सांगते, त्यावर बोलत नाही.

त्या मोठ्या स्पर्धेत क्रॉस कंट्री घेतात की नाही, ते खुंटीवर अजून कळलेलं नाही. जानरावांच्या मते त्यांनी टपरीवर घेतलेल्या हरकतीमुळेच उशीर होतो आहे. मी पुन्हा लसणाखाली आहे. वर्षातून एकदा माझ्या कड्यांना तेलाचा हात फिरवला तर बरं वाटेल. कारण लोखंड झिजलं की साखळी लांबते, आणि लांबलेली साखळी खोटं बोलते ते अगदी सरळ चेहऱ्यानं.

आणि मित्रांनो, कोणी चोवीस सेकंदांनी मागे पडलं असं तुम्हांला सांगितलं, तर घड्याळ नंतर बघा. आधी विचारा, साखळी कशी धरली होती.