सूटवाल्यांना इस्त्री फुकट

बुकिंग ऑफिसमधली मुलगी जहाजावरच्या त्या मोठ्या खोलीला 'स्वीट' म्हणत होती. माझ्या तोंडात पहिल्यापासून 'सूट'च बसलं. ती त्याचे फायदे इतकी रंगून सांगत होती की वाटावं, हिचंच लग्न ठरलंय. रांगेत उभं राहायचं नाही. सामान कुणीतरी नेणार आणि कुणीतरी कपाटात लावूनही देणार. जेवायला वेगळी जागा, उन्हात पडायला वेगळा डेक. उशी कशी हवी, मऊ की कडक, तेसुद्धा आधी विचारणार. खोलीला बाल्कनी, बाल्कनीत दुर्बीण, बाथरूममध्ये टब आणि दिमतीला बटलर. मी मान डोलावत होते आणि मनात म्हणत होते, बाई गं, मुद्द्यावर ये.

शेवटी ती आली. "शिवाय कपडे धुणं आणि इस्त्री रोज मोफत, कितीही टाका. आणि एक दिवस सूटच्या पाहुण्यांना जहाजाच्या पोटात फिरवून आणतात. स्वयंपाकघर, भांडार, लॉन्ड्री."

"बुक कर," मी म्हटलं.

त्या लॉन्ड्रीत माझा मुलगा इस्त्री करतो. आणि त्याच्या बापाला ते ठाऊक नव्हतं.

आमची स्वतःची लॉन्ड्री होती, चौकात. पुढे काउंटर, मागे पडदा, पडद्यामागे दोन टेबलं आणि वाफच वाफ. यांच्या हातची परीटघडी अशी की लोक कोरा शर्ट घेतला तरी आधी आमच्याकडे टाकायचे आणि मग घालायचे. टिल्लू त्या पडद्यामागेच वाढला. टिल्लू हे नाव लहानपणचं. आता त्याला दारातून वाकून यावं लागतं. चार वर्षांपूर्वी त्याच्या हातून एका बाईंचा रेशमी ड्रेस जळला. यांनी भर दुकानात, गिऱ्हाइकांसमोर त्याला सांगितलं, "तुझ्या हातात इस्त्री शोभत नाही, झाडू घे." तोही बापाचाच मुलगा. "पुन्हा इस्त्रीला हात लावला तर तुमचं नाव लावणार नाही," म्हणाला आणि गेला. जहाजावर वेटर व्हायला गेला होता. मुलाखतीत विचारलं, आणखी काय येतं? हा शहाणा खरं बोलला.

मला फोन करायचा. "बाबांना सांग, जहाजावर आहे. काय करतो ते सांगू नकोस." का ते विचारायची गरज नव्हती. हे काय म्हणतील ते आम्हा मायलेकांना तोंडपाठ होतं: 'शेवटी इस्त्रीच ना!' एवढंच वाक्य, पण त्याने माझं पोर मला कायमचं तुटलं असतं. चार वर्षं बापलेकांत शब्द नव्हता. मी यांच्याकडे फोन धरला की हे उठून गच्चीवर जायचे, आणि घरी ये म्हटलं की तिकडून टिल्लूला रेंज मिळेनाशी व्हायची. तेव्हा ठरवलं, दोघांना पळायला जागा नाही अशा ठिकाणी समोरासमोर उभं करायचं. समुद्रापेक्षा सोयीचं ठिकाण कुठलं?

यांना जहाजावर आणणं सोपं गेलं. दुकान आम्ही मागच्या वर्षी दुसऱ्याला विकून टाकलं होतं आणि हे दिवसभर घरी बसून जाणाऱ्या-येणाऱ्यांच्या कपड्यांना नावं ठेवत होते. मी म्हटलं, "अहो, जहाजावर सूट आहे." हे म्हणाले, "किती टक्के?" मी म्हटलं, "भरपूर." यात माझं खोटं एकही नाही. सूट होताच, आणि भरपूर मोठा होता.

खोलीत पाऊल टाकल्यावर माणूस समुद्र बघेल. यांनी चादर उचलली, उजेडात धरली आणि खाली ठेवली. मग टॉवेलचा वास घेतला. मग अंगात घालायचा तो पांढरा झगा उलटा करून शिवण बघितली. "खळ जास्त," हा निकाल. बटलर आला तो पांढरे हातमोजे घालून, पाठीचा कणा ताठ. यांनी त्याच्या चेहऱ्याकडे न बघता थेट कोटाच्या मागच्या बाजूकडे बघितलं आणि त्याला त्या दिवसापासून 'हातमोजे' हे नाव पडलं. हातमोजे फार गुणी माणूस. उशी मऊ हवी की कडक, असं त्याने अदबीने विचारलं तर हे म्हणाले, "अभ्र्याला सुरकुती नसलेली."

मग त्याने कपड्यांची पिशवी दाखवली.

"फुकट?" हे म्हणाले.

"हो साहेब. कितीही."

फुकट ते पौष्टिक! यांनी बॅग पलंगावर उपडी केली आणि घरून घड्या घालून आणलेले कपडेसुद्धा पिशवीत कोंबले. मी आपली मुकाट बघत होते. धास्ती होतीच, आणि तरी बरंही वाटत होतं. निदान बापाचा शर्ट तरी पोराच्या हाताला लागेल, असं वाटलं.

दुसऱ्या दिवशी शर्ट परत आले. हातमोज्याने ते पलंगावर अंथरले आणि तो गेला. हे नेहमीप्रमाणे खोड काढायच्या तयारीने पुढे झाले. पहिल्या शर्टाची कॉलर त्यांनी दोन बोटांत धरली. मग बाही उचलली, आतून बघितली, बाहेरून बघितली. पुन्हा आतून बघितली.

"काय झालं?" मी विचारलं.

"हे मशीनचं काम नाही."

"म्हणजे?"

"मशीन बाहीला धार पाडतं. ही बघ, धार नाही. आत टॉवेलची गुंडाळी घालून हाताने केलीय. इतका वेळ कुणाला असतो?"

वेळ आमच्या दुकानात असायचा. बाही गोल ठेवायची पद्धत यांची. दुसऱ्या लॉन्ड्रीत मी तरी कुठे बघितली नव्हती.

"मोठं जहाज आहे, असतील चांगले कारागीर," मी म्हटलं आणि फळांची टोपली त्यांच्यापुढे सरकवली. त्यांनी एक सफरचंद उचललं आणि न खाता परत ठेवलं.

थोड्या वेळाने म्हणाले, "तुझा तो चुण्यांचा रेशमी ड्रेस दे."

"मी अजून घातलासुद्धा नाही!"

"दे म्हणतो ना."

दिला. तर या माणसाने तो माझ्यादेखत फडक्यासारखा पिळला आणि चुरगळून त्याचा बोळा केला. हातमोज्याला बोलावून तो बोळा त्याच्या हातात ठेवला. तेव्हा पहिल्यांदाच मी त्या बटलरचा चेहरा हललेला बघितला. माझा तर संताप संताप झाला. म्हटलं, चार पैसे गाठीला लागल्यावर याला मस्ती चढली, आता गरिबांच्या पोरांना छळतोय. आणि ते पोर कोणाचं हे याला माहीतही नाही!

ड्रेस संध्याकाळी आला. बारीक चुण्या एकीशेजारी एक, शिस्तीत. रेशमाला कुठे इस्त्रीची चकाकी नाही, डाग नाही, पाण्याचा थेंब पडल्याची खूण नाही. यांनी प्रत्येक चुणीवरून बोट फिरवलं. मग ड्रेस तसाच मांडीवर घेऊन बाल्कनीत जाऊन बसले. आमच्या वेगळ्या जेवणघरात वेगळं टेबल मांडून ठेवलं होतं, तिकडे आलेच नाहीत. बोट लागली असेल, असं समजून मी लिंबू-पाणी मागवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती जहाजाच्या पोटातली फेरी होती. मी लवकर तयार झाले, तोच रेशमी ड्रेस घातला. मनात सगळं रचलेलं होतं: लॉन्ड्रीचं दार उघडेल, टिल्लू वळेल, हे थबकतील आणि मी दोघांच्या मध्ये उभी राहीन. हातमोजे पाहुण्यांनी गळ्यात घालायचे ओळखपत्रांचे पट्टे घेऊन आला. हे झगा घालून खुर्चीत.

"उठा की!"

"मी येणार नाही."

"का?"

"नाही म्हणजे नाही."

ज्याच्यासाठी लुगडं तेच उघडं! इतका आटापिटा, दिमाख, बटलर, टब, सगळं त्या एका दारासाठी होतं, आणि हा माणूस झगा घालून बसलेला. मी पट्टा पलंगावर फेकला. हातमोजे शहाणा, हळूच बाहेर सटकला.

"अहो, तुमचा मुलगा आहे त्या लॉन्ड्रीत!" मी ओरडले. "त्याच्यासाठी आणलंय मी तुम्हाला इथे! आणि तुम्हाला काय म्हणायचं असेल ते मला म्हणा, त्याला म्हणाल तर याद राखा!"

हे शांतपणे म्हणाले, "ओरडू नकोस. ताकाला जाऊन भांडं लपवत होतीस, मी आपला बघत होतो."

"तुम्हाला माहीत होतं?"

"पहिल्याच शर्टाला कळलं. ती कॉलर माझ्या हातची आहे, आणि माझे हात तर इथे वर आहेत. तरी म्हटलं, खात्री करून घ्यावी."

म्हणजे माझ्या ड्रेसचा बोळा झाला तो परीक्षेचा पेपर होता.

"मग चला ना," मी म्हटलं. "पाया पडते तुमच्या."

"दुकानात मी कधी गिऱ्हाइकाला पडद्यामागे येऊ दिलं?"

"नाही."

"का नाही?"

मला माहीत होतं. आत उकाड्याने माणूस बनियनवर असतो, घामाने निथळत असतो. त्याला तसा कुणी बघू नये, म्हणून पडदा. दुकानात गर्दी कितीही असो, हे बाहेर यायचे तेव्हा शर्ट घालून यायचे.

"आता मी गळ्यात पट्टा अडकवून, दहा रिकामटेकड्यांबरोबर त्याला बघायला जाऊ?" हे म्हणाले. "ते फोटो काढणार. एखादी बाई विचारणार, गरम नाही का होत तुम्हाला? आणि त्या घोळक्यात त्याचा बाप उभा. नाही. तो बाहेर येतो तिथे मी जाईन."

इतकी वर्षं संसार केला, पण त्या क्षणी मला हा माणूस मनापासून आवडला. बोलले नाही. सवय नाही.

बातमी हातमोज्याने काढून दिली. दुसऱ्या दिवशी जहाज बंदराला लागणार होतं. लॉन्ड्रीतल्या मुलांना दुपारी थोडी सुट्टी असते. ती मागच्या जिन्याने उतरतात आणि बंदराच्या फाटकाबाहेर, फोनच्या दुकानापाशी गर्दी करतात, कारण तिथे नेट फुकट मिळतं. "फुकट म्हटल्यावर बापावरच गेलाय," मी म्हटलं, तर हे हसलेसुद्धा.

बंदरावर सूटवाल्यांना सगळ्यांच्या आधी उतरवतात. गार रुमाल दिले, छत्र्या धरल्या, गाडीसुद्धा उभी होती. आम्ही गाडीवाल्याला नको म्हटलं आणि चालत फाटकाबाहेर आलो. त्या फोनच्या दुकानासमोर एक सिमेंटचा बाक होता, सावली नसलेला. तिथे आमच्या सूटच्या सोनेरी कार्डाला कुणी विचारेना. यांनी टिल्लूने केलेल्या शर्टांतला एक घातला होता, पूर्ण बाह्यांचा, आणि तो चुरगळू नये म्हणून हे पाठ न टेकता बसले होते. दुपारपर्यंत तसेच.

मग मुलांचा घोळका आला, सगळ्यांची डोकी फोनमध्ये. त्यात एक डोकं सगळ्यांच्या वर. अंगात शर्ट असा की नुकताच पिळून घातलाय. जगाच्या कपड्यांना इस्त्री करणाऱ्याचा स्वतःचा शर्ट! त्याने वर पाहिलं आणि थांबला. बाकीची मुलं पुढे निघून गेली.

"आई," तो जवळ येऊन म्हणाला. बापाकडे नुसतं बघितलं.

"आम्ही जहाजावर आहोत हे तुला ठाऊक होतं?" मी विचारलं, कारण तो दचकला नव्हता.

"पिशवीवर आडनाव असतं ना, आई. सूटच्या पिशव्या मशीनला जातात. ही मी बाजूला काढली."

"आणि मला एक फोन नाही?"

"काय सांगू फोनवर? म्हटलं, बाबांना कळायचंच असेल तर शर्टावरून कळू दे."

म्हणजे दोघांना पहिल्या शर्टापासून सगळं ठाऊक. मध्ये लिंबू-पाणी मागवत, खोटं बोलत, घाम पुसत धावणारी मीच तेवढी एक वेडी.

हे उठून उभे राहिले. मग टिल्लूनेच मान खाली घालून ते वाक्य उचललं. "शेवटी इस्त्रीच करतोय, बाबा."

चार वर्षं जे मी दोन्ही हातांनी अडवून धरलं होतं, ते पोराने आपल्या हाताने आणून बापापुढे ठेवलं.

हे स्वतःच्या कॉलरला हात लावून म्हणाले, "अशी कॉलर मला कधी जमली नाही."

"काय?"

"ऐकू आलं तेवढं पुरे. आणि ते रेशीम. मी केलं असतं तर हात थरथरला असता माझा."

टिल्लू हसायला गेला आणि ते त्याला धड जमलं नाही. त्याने त्या चुरगळलेल्या बाहीने तोंड पुसलं. मी तर भर रस्त्यात रडत होते आणि मला त्याची अजिबात लाज वाटली नाही. "दाखवा ना," तो बापाला म्हणाला, "बाही नीट बसलीय का? बऱ्याच दिवसांनी गोल केली मी." आणि शर्टाकडे बघायला तो वाकला.

यांच्या डाव्या कफाला एक बारीक चुणी पडली होती, इस्त्रीखाली दबून पक्की झालेली. मला ती सकाळीच दिसली होती, म्हणजे यांना तर दिसलीच असणार. या माणसाने जन्मात कधी इस्त्रीच्या शर्टाची बाही दुमडली नव्हती. टिल्लूची नजर कफापर्यंत पोचायच्या आत हे म्हणाले, "उत्तम बसलीय. पण ऊन फार आहे रे इथे," आणि त्यांनी दोन्ही बाह्या कोपरापर्यंत दुमडून घेतल्या.