आईजवळ बसायचं कारण

गोरक्षनाथानं विहिरीत उडी घेतली, त्याला वर्ष होत आलं होतं. माणसांनी वेळेवर काढला म्हणून वाचला. पुढं पुण्याच्या डॉक्टरांनी नुसतं पोराला औषध न देता आईबापांनाही समोर बसवलं आणि तिघांना एकमेकांशी बोलतं केलं. अशा उपचारांचा खरंच किती उपयोग होतो, हे तपासायला त्यांच्याकडच्या संशोधक लिमयेबाई आज संगमनेरजवळच्या त्या वस्तीवर आल्या होत्या. त्या प्रत्येकाशी वेगळं बोलत होत्या.

पोरगा आत गेला तशी त्याची आई मनकर्णा दाराला कान लावून बसली.

"अजून मरायचं मनात येतं का रे?" बाईंनी विचारलं.



"येतं," गोरक्षनाथ म्हणाला. "पन आलं की आईजवळ जाऊन बसतो. मनातनं जाईस्तोवर."

मनकर्णा दारापासून मागं सरली. कालच तो भर दुपारी चुलीपाशी येऊन बसला होता, आणि बैलांना पाणी पाजायला म्हणून तिनंच त्याला उठवून विहिरीवर धाडलं होतं.

तो बाहेर आला. तिनं त्याला हाताला धरून बसवलं.

"काल उठवलं तुला. मला ठावं नव्हतं रं. आता बसलास की सांगत जा, कशापायी बसलास."

त्यानं होकारार्थी मान डोलावली. आतून बाईंनी मनकर्णाला बोलावलं, पण पोराचा हात सोडायचा तिला धीर होईना.

"बाई," ती म्हणाली, "तुमीच हिकडं या."