आवाज धरून

"आवाज धरून ये रे बाबा, आवाज धरून ये!"

सासूबाईंची ती हाक अजून तिच्या कानात आहे. धुकं उतरलं की सासूबाई शाल डोक्यावरून घट्ट ओढून धक्क्याच्या टोकाला जायच्या आणि बाहेर अडकलेल्या होडीसाठी गळा मोकळा सोडायच्या.

पाण्याला नाही वाट, वाटेला नाही खूण
ये रे माझ्या राजसा, माझा आवाज धरून

होडी दिसायची नाही, माणूस दिसायचा नाही. आधी वल्ह्याचा चुबुक चुबुक आवाज यायचा, मग खोकला, मग सासरे. "आलो गं, किती ओरडशील, मासे पळाले सगळे," म्हणत ते उतरायचे. नवी नवरी म्हणून आलेली ती दारात उभी राहून हसायची. तिला ती गंमत वाटायची. सासूबाई घरात येऊन घोटभर गरम पाणी पीत आणि त्या दिवशी पुन्हा कुणाशी बोलत नसत, हे तिने पाहिलं होतं. पण त्याचा अर्थ कळायला निम्मं आयुष्य जावं लागलं.

आता धुकं धक्क्यापर्यंत यायची वाट बघावी लागत नव्हती. ते घरातच येऊन बसलं होतं.

सकाळी स्वयंपाकघरात तिचा नवरा चहा ओतत होता. एक बोट त्याने कपाच्या कडेवरून आत सोडलं होतं. चहा बोटाला लागला की तो ओतणं थांबवायचा. तिने ते पाहिलं आणि नेहमीसारखी खिडकीकडे वळली. धक्क्यावर सगळे त्याला कप्तान म्हणत. गेल्या हिवाळ्यात कप्तानाने आधी वर्तमानपत्र सोडलं. "त्यात असतं काय, कालचंच शिळं," म्हणाला. मग एका गालावर दाढीचे खुंट राहायला लागले. मग बोटीचा दोर धक्क्यावरच्या खुंट्यावर टाकताना चुकू लागला आणि शिव्या दोराला बसू लागल्या. समोरचं बघायचं तर तो मान तिरपी करायचा, दाणे शोधणाऱ्या कोंबडीसारखी. तिने विचारलं नाही, त्याने सांगितलं नाही. विचारलं असतं तर बोट धक्क्याला कायमची बांधावी लागली असती. आणि बोट बांधल्यावर हा माणूस कुठे जाऊन बसला असता?

"आज किती जणं?" त्याने विचारलं.

"चारच."

"बरं. तू बोल म्हणजे झालं."

दोघांमधला सगळा करार त्या एका वाक्यात होता.

पाहुण्यांना ते ज्या बेटावर फिरायला नेत, ते लांब होतं. मधलं मोकळं पाणी कप्तानाला पायाच्या तळव्यांनी कळायचं, त्याला डोळे लागत नसत. पण बेटाजवळ खडक असे उभे होते, जणू म्हातारीच्या तोंडात राहिलेले चार दात. त्यांच्यामधून बोट काढणं म्हणजे सुईत दोरा ओवणं. म्हणून ती पुढे उभी राहून, इंजिनाच्या वर आवाज चढवून, पाहुण्यांना माहिती सांगायची. "मंडळी, डाव्या हाताला बघा, हा काळा खडक, याला आम्ही म्हातारीचा दात म्हणतो." पाहुणे डावीकडे बघत आणि मागे छपराखाली कप्तान चाक उजवीकडे फिरवी. "आता समोर फेस दिसतोय ना?" की इंजिन हळू. पाहुणे म्हणत, "किती छान सांगता हो ताई!" धक्क्यावरची मंडळी तिला रेडिओ म्हणत. हा रेडिओ दिवसभर वाजे आणि घरी आला की मुका होई. रात्री जेवताना दोघं समोरासमोर बसून एकमेकांच्या चमच्यांचा आवाज ऐकत. घरासाठी तिच्याजवळ शब्दच उरत नसत.

आणि रोज सकाळी वाटे, आज सांगावं. लोकांचे जीव आहेत बोटीत. मग पाहुणे येत, आणि ती बोलायला लागे.

त्या दिवशीचे पाहुणे म्हणजे दोन म्हाताऱ्या बहिणी, एक टोपीवाले गृहस्थ, आणि कानांवर मोठे हेडफोन चढवलेली एक तरुण बाई. ती पक्ष्यांचे आवाज टिपून घ्यायला आली होती. धाकट्या बहिणीने बोटीत पाय ठेवता ठेवता तिचं नाव ठेवलं, कानवाली.

"जॅकेटचा बंद नीट लाव," थोरली म्हणाली.

"लावलाय. बुडाले तर तुझी कटकट तरी थांबेल."

"बुडशील कशी? पाणीसुद्धा तुला परत पाठवेल."

टोपीवाले हसले आणि त्यांनी टोपी धरली. जाताना वाऱ्याने दुसरं काही करू दिलंच नाही त्यांना.

जाण्याची वाट नेहमीसारखी झाली. ती बोलली. घसा आतून खरडल्यासारखा झाला तरी बोलली. मध्येच खोकला आला, ती क्षणभर थांबली, तर मागून कप्तानाचा आवाज आला, "बोल की. पाहुणे कंटाळतील." पाहुणे मुळीच कंटाळले नव्हते, थोरली तर तोंड उघडं टाकून झोपली होती. खोकला आवरून ती पुन्हा बोलू लागली.

बेटावर उतरणं म्हणजे लाटेशी सौदा. बोट खडकाला लागते, लाट तिला उचलते, आणि वर आल्याच्या त्या निमिषात पाऊल टाकायचं. ती आधी उडी मारून खडकावर गेली. गुडघ्यातून कळ निघाली, ती तिने गिळली. मग एकेकाला हात देत तिने हाक दिली, "आता!" धाकटी आली, टोपीवाले आले, कानवाली आपल्या यंत्राच्या पेटीसकट आली. थोरली लाटेकडे बघत राहिली.

"खाली बघू नका मावशी. माझ्याकडे बघा. आता!"

"आई गं!" म्हणत थोरली तिच्या गळ्यात येऊन पडली. "तुझा आवाज ऐकला आणि पाय आपोआप उचलला बघ."

कप्तान बोट आडोशाला नेऊन थांबला. तो बेटावर चढत नसे. "मी काय नव्याने बघायचं तिथे?" तो म्हणे, आणि या वर्षी हे वाक्य ऐकलं की ती पाहुण्यांच्या पुढे भरभर चालू लागे.

वर चढायला खडकात ठोकलेली साखळी होती, गंजून तांबडी झालेली. झाड एकही नाही. दगड, वारा आणि पक्षी. पक्षी एवढे की कडा पांढरा झालेला, आणि त्यांचा कलकलाट असा की एखाद्या लग्नघरात सगळ्या आत्या एकदम बोलाव्यात. वर जुन्या दीपस्तंभाच्या राखणदाराच्या खोल्या होत्या, छप्पर उडालेल्या. चुलीच्या जागी एक पक्षीण अंड्यांवर बसली होती. तिने माणसांकडे असं पाहिलं, जणू भाडं थकवलेले भाडेकरू आलेत.

भिंतीच्या आडोशाला सगळे पाव आणि उकडलेली अंडी खात बसले. खाली आडोशात बोट हलत होती आणि तिच्यात कप्तान, हातावर हात ठेवून, बरोबर समोर तोंड करून बसला होता. लांबून त्याच्यात काही उणं दिसत नव्हतं.

कानवाली तिच्याजवळ सरकली. "ताई, एक गंमत सांगू? येताना मी सगळं टिपलं. आत्ता ऐकत होते. तुम्ही वाक्य बोललात की लगेच इंजिनाचा सूर बदलतो. प्रत्येक वेळी. खोकला आला तेव्हा इंजिनही अडखळलं."

तिच्या हातातलं अंडं तसंच राहिलं.

"जुना संसार आहे बाई," ती म्हणाली. "मी बोलले की त्यांचं काहीतरी बिघडतंच."

बहिणी खो खो हसल्या. कानवालीही हसली, पण जरा उशिरा. मग म्हणाली, "एक विनंती करू? परतताना कड्याखालून जाऊ तेव्हा कुणी बोलू नका ना. फक्त पक्षी आणि पाणी हवंय मला. खडक संपेपर्यंत."

"मी गप्प बसेन," धाकटी म्हणाली. "हिचं सांगता येत नाही."

सगळ्यांनी कप्तानाच्या बायकोकडे पाहिलं. तिने नाही म्हणायला हवं होतं. तोंडात शब्द आलाही होता. पण 'गप्प बसा' असं तिला किती दिवसांनी कुणीतरी म्हटलं होतं! घशाला ते ऐकूनच गार वाटलं.

"त्यांना विचारा," ती म्हणाली. नाही ते म्हणतील, असं तिला वाटलं.

खाली बोटीशी आल्यावर कानवालीने विचारलं. कप्तानाने मान तिरपी केली. चार अनोळखी माणसं त्याच्या तोंडाकडे बघत होती. बघत असणार, एवढं त्याला कळत होतं.

"बसेल की गप्प," तो म्हणाला. "वाट काय मला तिने शिकवली? बापाच्या मांडीवर बसून पाठ केलीय."

धाकटीने टाळी वाजवली. कप्तानाची बायको पुढे जाऊन आपल्या जागेवर बसली, उभी राहिली नाही. रागही होता त्यात. घ्या, पाठ आहे ना, म्हणा पाठ.

इंजिन हळू झालं. कानवालीने यंत्र हातात धरलं आणि ओठांवर बोट ठेवलं. कड्याच्या सावलीत पाणी काळंभोर होतं. वर कलकलाट, खाली दगडाला लागणाऱ्या लाटांचा चळक चळक. पुष्कळ दिवसांनी तिने हे ऐकलं. इथून रोज जातोय, पण आपणच बोलत राहिलो आणि हे ऐकायचं राहून गेलं. तिने डोळे मिटले. शरीरातला सगळा शीण पायांकडे उतरत गेला. असंच बसावं. कुणी काही विचारू नये.

पहिला खडक बाजूने गेला. दुसरा गेला. खरंच पाठ आहे, तिला वाटलं. पण पाण्याची ओढ रोज बदलते, ती कुणाला पाठ नसते. तिने डोळे उघडले. म्हातारीचा दात उजव्या हाताला असायला हवा होता. तो सरळ समोर होता.

तिने मागे पाहिलं. कप्तान चाक धरून ताठ उभा होता. मान डावीकडे, मग उजवीकडे. कपाळावर घाम. त्याला कळलं होतं, की काहीतरी आहे. कुठे आहे ते कळत नव्हतं. तो तोंड उघडेल म्हणून ती थांबली. एक शब्द, अहो, एक शब्द बोला. ओठ हलले त्याचे, आणि मिटले. थोरलीचं लक्ष खडकाकडे गेलं. तिने बहिणीचा हात धरला.

मंडळी, असं म्हणायची तिला सवय होती. मंडळी, उजव्या हाताला बघा. ते आलंच नाही तोंडात.

"अहो!" ती ओरडली. "डावीकडे घ्या! अजून! पूर्ण डावीकडे!"

चाक गरगरलं. बोट कुशीवर वळली, धाकटी बाकावरून घसरली, आणि दगडाने बोटीची उजवी बाजू एवढ्या मोठ्याने करकरत खरवडली की कड्यावरचे सगळे पक्षी एकदम उडाले. मग खडक मागे गेला. पाणी आत आलं नाही.

"सरळ," ती म्हणाली. "आता सरळ. बस्स. इंजिन हळूच राहू द्या."

इंजिन घुरघुरत राहिलं. पुढे मोकळं पाणी होतं. टोपीवाल्यांची टोपी कधी उडाली ते त्यांनाही कळलं नव्हतं. कानवालीने यंत्र बंद केलं होतं आणि ती कुणाकडेच बघत नव्हती.

"लागलं का कुणाला?" पुढच्या जागेवरून ती उठली. धाकटीला तिने बाकावर बसवलं, पाठीवरून हात फिरवला. मग बोटीच्या कडेला धरत छपराखाली गेली आणि चाकावर, त्याच्या हाताशेजारी, हात ठेवला.

"बोल की," तो हळू म्हणाला. "पाहुणे घाबरलेत. काहीतरी सांग त्यांना."

"माझं सांगून झालं," ती म्हणाली. "दमले मी. आता तुम्ही सांगा."

त्याने चाकाकडे बघितल्यासारखं केलं. मग त्याने हात काढले, चाक तिच्याकडे दिलं, आणि मान तिरपी न करता, सरळ तिच्या दिशेने तोंड केलं.

"मधलं काही दिसत नाही गं मला," तो म्हणाला. पाहुण्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाला. "कडेकडेचं दिसतं. तू बोलतेस तिथे नुसतं धुकं असतं. हिवाळ्यापासून तुझं तोंड पाहिलेलं नाही मी."