तीन पुटांची सोलं

थेट प्रक्षेपणाला दोन मिनिटं उरली होती. पूर्वी मॉडेल असलेली आणि आता टीव्हीवरची परीक्षक म्हणून घरोघरी ओळखली जाणारी निदा कोकणातल्या केळशी गावी, घराच्या अंगणात स्वतःच्या कंपनीची आमसुलांची पहिली पाकिटं मांडून बसली होती. पाकिटावर तिचा फोटो, खाली 'अजराखालाच्या हातची, कोकमरसाची सात पुटं दिलेली सोलं'.

तिने एक सोल जिभेवर ठेवलं आणि तिचा चेहरा उतरला.

"अजराखाला, पुटं किती दिलीत?"

"तीन." सोलं वाळवणारी ही खाला, तिची मावशी, परातीवरून नजर न काढता म्हणाली. "दर पुटाला रसात बुडवून पुन्हा वाळवायचं, सात पुटांना सात उन्हं लागतात गो. तूच म्हणालीस, तारीख चुकवायची नाही. ऊन काय तुझ्या लाइटींसारखं बटण दाबून येतं?"

"मला सांगायचं तरी!"

"सांगितलं. तू 'बघते' म्हणालीस नि फोन ठेवलास."

कॅमेऱ्याचा लाल दिवा लागला. नेहमीसारखं गोड हसली असती, तर माल आजच खपला असता. पण पहिल्या घासाला गावोगावच्या बायका अजराखालाच्याच हाताला नावं ठेवणार होत्या.

निदाने पाकीट पालथं घातलं.

"ही सोलं कच्ची आहेत," ती म्हणाली. "घाई माझी होती. आज विक्री नाही."

खालाने परात पुन्हा उन्हात सरकवली.