राखणीची खाट

बायको, सगुणा, गेली तेव्हा नाथा द्राक्षबागेत होता. छाटणी उरकली होती आणि काड्यांच्या डोळ्यांना फूट यावी म्हणून लाल पेस्ट लावायचं काम चाललं होतं. सून पूजाचा फोन आला.

"दादा, आई मोरीत पडल्या. उठत नाहीत."

दिंडोरीच्या दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. नाथाने तिच्या गालाला हात लावला तेव्हा बोटांवरचा पेस्टचा लाल रंग तिच्या गालाला लागला. त्या गालाला त्याचा हात कितीतरी वर्षांनी लागत होता.

द्राक्षं पिकू लागली की चोरीच्या भीतीने मालक बागेत खाट टाकतो आणि माल निघाला की खाट घरी आणतो. सगुणाची गर्भाची पिशवी काढली त्या वर्षी नाथानेही खाट नेली. माल निघाला, पण खाट बागेतच राहिली. शेजारचा पुंजा चेष्टा करायचा, "नाथादादा, वेलीवर घड नाय, राखण कशाची करता?"

"विहिरीवरच्या मोटारीची," नाथा म्हणायचा.

खरं कारण त्याने कुणाला सांगितलं नव्हतं. सगुणा अंग चोरून घ्यायची, भिंतीकडे तोंड करून झोपायची. एकदा चिडून तो म्हणाला होता, "तू आता नुसतं लाकूड झालीस." तिने पांघरूण डोक्यावरून ओढून घेतलं. दुसऱ्या दिवशी त्याने खाट उचलली. नको असलेल्या माणसाने जवळ कशाला राहावं, असा त्याचा हिशेब होता.

दहाव्याचा विधी करून माणसं नाशिकच्या रामकुंडावरून परतली. सगुणाची थोरली बहीण वत्सलाबाई वणीहून आली होती. ती ओट्यावर त्याच्याजवळ बसली.

"पाहुणे, एक विचारते. खाट घरात का नाय आणली?"

"तिला मी नको होतो, अक्का."

"तिला दुखायचं. आग व्हायची. आपरेशननंतर तर लयच. दिवसभर मजुरांच्या मागं, घरी आली की चूल. अंगात जीव नाय राहायचा. मग इच्छाच मेली तिची. तिला वाटायचं, आपल्यातच खोट हाय."

"मग मला का नाय सांगितलं?"

"तुम्ही लाकूड म्हणलात ना? लाकूड काय बोलणार?"

वत्सलाबाईला राहवेना.

"वेल नीट फुटली नाय तर पानाचे देठ काढून लॅबला तपासायला धाडता. काय कमी पडलं बघता. वेलीला कधी बोल लावलात? मी तिला म्हणत होते, नाशकाला डॉक्टरीणबाईकडं चल. तर म्हणायची, काय सांगू तिला, नवरा बागेत झोपतो म्हणून?"

"म्हंजे मी नकोच होतो."

"हवे होते, पाहुणे. म्हणायची, नुसते शेजारी येऊन पडले, चार शब्द बोलले तरी पुरे. पुढचं मागितलं नाय म्हंजे झालं."

नाथाला एक संध्याकाळ आठवली. सगुणा डबा घेऊन आली होती. त्याचं जेवण झालं तरी ती उठली नाही, खाटेच्या कडेला बसून राहिली. तिचा हात त्याच्या हाताशेजारी होता. त्याला वाटलं, बायकोचं कर्तव्य म्हणून बसली आहे. कुणाच्या उपकाराने त्याला काही नको होतं. तो म्हणाला, "जा, अंधार पडेल." तिने डबा घासून घेतला आणि गेली. त्यानंतर डबा पूजा आणू लागली.

निघताना वत्सलाबाई म्हणाली, "आता तरी ती खाट घरात आणा."

दुसऱ्या दिवशी नाथा बागेत गेला. खाटेची एक बाजू उचलली आणि परत खाली ठेवली. घरात आणून ती सगुणाशेजारी टाकायची होती, आणि सगुणाची जागा आता रिकामी होती.

बाग फुटून पानावर आली आहे. पूजाने खाटेसाठी खिडकीजवळची जागा झाडून ठेवली आहे. काय दुखतं, हे नाथाने सगुणाला कधी विचारलं नाही, आणि खाट अजून त्याने घरात आणलेली नाही.