खतीजाच्या नावाचा ड्राफ्ट

गफूरची बायको खतीजा सोमवारी गेली आणि त्याला ते कळलं बारा दिवसांनी, शनिवारी दुपारी. तार सौदीतल्या हुफूफला येऊन पडली होती, पण आखातात लढाई सुरू झाल्यापासून कंपनीचा मुनशी टपालाची पेटी उघडायला आठवड्यातून एकदाच जायचा. गफूर जनरेटरखाली उताणा पडून ऑइल काढत होता. मुनशीने तार त्याला न देता शेजारी वेल्डिंग करणाऱ्या तुकारामच्या हातात दिली, तेव्हाच गफूर काय ते समजला.

तीन दिवसांचा ताप, आणि गेली. माती देऊन झाली होती.

जायचं म्हटलं तर इकडची विमानं बंद. पासपोर्ट कफीलकडे, म्हणजे अरब मालकाकडे, आणि तो बायकामुलांना घेऊन जेद्दाला गेलेला. गफूरने साबणाने हात धुतले, पुन्हा धुतले. मग त्याला ड्राफ्ट आठवला. गुरुवारीच त्याने तो खतीजाच्या नावाने काढला होता. टपालकचेरीत रांग मोठी होती म्हणून पाठवायचा राहिला होता. लिफाफ्यावर पत्तासुद्धा लिहून झाला होता.

अशा ड्राफ्टवरून गफूरने आठ वर्षं लोकांशी वाद घातला होता. दापोलीकडची बहुतेक माणसं पैसे बापाच्या नाहीतर थोरल्या भावाच्या नावाने पाठवत, किंवा कुणाच्या तरी हातीच देत. गफूरने पहिल्या पगारापासून बायकोचं नाव घातलं. थोरला भाऊ हुसेनमियाँ त्याच्यावर रागावला. "बाईच्या नावाने पैसा? तिला सही तरी येते का?" येत नव्हती. मग ती शेजारच्या मास्तरीणबाईंकडे जाऊन सही शिकली, एसटीने दापोलीला गेली आणि बँकेतल्या कार्डावर सही करून आली. पुढच्या पत्रात तिने खाली तीच सही केली होती, तीनदा.

बँकेबद्दल गफूरचं मत तेव्हापासून पक्कं होतं. बँक उद्धट असते, दुपारी जेवायला खिडकी बंद करते, पण कागदावर ज्याचं नाव त्यालाच पैसा देते. भाऊ असो की सासरा, तिथे कुणाचं चालत नाही.

आता याच गोष्टीने अडवलं होतं. दोन मार्चला खतीजाचा चाळिसावा होता. गावाला जेवण घालायचं, आणि ते आपल्या कमाईचं असावं, एवढंच गफूरच्या मनात होतं. लढाईमुळे पुढचा पगार कधी होईल, ते मालकालाही सांगता येत नव्हतं. होते ते पैसे या ड्राफ्टमध्ये.

"रद्द करून घ्या," तुकाराम म्हणाला. "हुसेनमियाँच्या नावाने दुसरा काढा."

"या गुरुवारी कंपनीची गाडी नाही. पुढच्या गुरुवारी गावात जाईल तेव्हा बघू."

शुक्रवारी सुट्टी असायची. कामगारांच्या कॅम्पच्या मागे अमेरिकन लष्कराच्या ट्रकांचा तळ पडला होता. तिथले सैनिक सकाळी मोकळ्या जागेत बेसबॉल खेळत. हॉकी सोडून दुसऱ्या खेळाला गफूर खेळ मानायचा नाही, तरी महिनाभर तो तारेच्या कुंपणापाशी उभा राहून तेच बघत होता. त्या शुक्रवारीही तुकारामने त्याला ओढून नेलं. खोलीत बसून भिंत बघण्यापेक्षा बरं.

"अर्धे बसलेत, अर्धे उभे आहेत," गफूर म्हणाला. "याला खेळ म्हणायचं?"

"क्रिकेट तरी वेगळं काय असतं?"

"म्हणून तर तेही मला आवडत नाही. हॉकीत माणूस सत्तर मिनिटं पळतो. बोलायलाही फुरसत नसते."

"तुम्हाला होती की. खेळायचात तेव्हा पायाला चेंडू लागून फाउल झाला की स्वतःच हात वर करायचात, तुम्हीच सांगितलंय."

"करायचो. लागला तर लागला. पंचाने बघितलं नाही म्हणून काय पाय माझा नव्हता?"

"म्हणूनच दापोली हरायची."

गफूर हसला. आठवड्यात पहिल्यांदा. मग समोर एकाने चेंडू लांब मारला आणि तो धावत सुटला. मैदानाच्या कोपऱ्यांवर ठेवलेल्या गाद्यांपैकी पहिली, दुसरी, तिसरी, आणि वळून निघाला होता तिथेच परत. सगळ्यांनी त्याच्या पाठीवर थापा मारल्या.

"निघालेल्या जागी परत आला की एक धाव," तुकाराम म्हणाला. "त्यांच्या त्या काळ्या ड्रायव्हरने समजावलं मला."

"आणि मध्येच राहिले ते?"

"डाव संपला की ते धरत नाहीत."

गफूर दुसऱ्या गादीवर उभ्या असलेल्या पोराकडे बघत राहिला.

पुढच्या गुरुवारी तो पैसे पाठवण्याच्या काउंटरवर गेला. काचेवर स्फोटांच्या भीतीने चिकटपट्ट्यांची फुली मारलेली होती. आत शारीक होता, श्रीवर्धनचा, तिशीचा, क्रिकेटवेडा.

"या हॉकीवाले चाचा. नुकतेच येऊन गेलात ना?"

गफूरने लिफाफा पुढे केला आणि काय झालं ते सांगितलं. शारीकने पेन खाली ठेवलं. दुवा पुटपुटली. मागच्या रांगेतला माणूस कुरकुरला, त्याला त्याने थांबायला सांगितलं. मग एक फॉर्म काढून निम्मा स्वतःच भरला.

"इथे रद्द करायचं कारण. 'मयत' लिहिलंत तर दाखला मागतील. ग्रामपंचायतीचा, त्यावर शिक्के, तो टपालाने येणार. या दिवसांत दोन महिने धरा."

"चाळिसावा सोळा दिवसांवर आहे."

"म्हणून सांगतो." शारीकने आवाज उतरवला. "लिहा, चुकीच्या व्यक्तीच्या नावाने काढला. रोज दहा जण लिहितात. आत्ता रद्द करतो, आत्ता भावाच्या नावाने नवा देतो. खलास."

गफूरने पेन घेतलं. रकाना बोटभर रुंद होता. त्याने पेन टेकवलं आणि उचललं.

"चुकीच्या नावाने नाही काढलेला."

"ठाऊक आहे हो. कागदापुरतं."

"कागदावरच तर तिचं नाव होतं," गफूर म्हणाला. "आठ वर्षं भाऊ हेच म्हणत होता. आता मीच लिहून देऊ?"

"इथे कोण पंच उभा आहे, चाचा? कोण बघतंय?"

"कुणी नाही."

शारीकने फॉर्म आणि ड्राफ्ट एकत्र घडी घालून काचेखालून परत सरकवले. "दाखला मागवा. मी इथेच आहे. नाहीतर मन बदललं तर या."

बाहेर तुकाराम गाडीपाशी चहा घेऊन उभा होता. सगळं ऐकल्यावर म्हणाला, "गफूरभाई, चेंडू लागला होता का पायाला?"

"नव्हता लागला," गफूर म्हणाला. "तेच सांगून आलो."

त्याच संध्याकाळी त्याने हुसेनमियाँला पत्र लिहिलं. दाखला पाठवायला सांगितलं आणि पैसे वेळेवर येणार नाहीत, हेही लिहिलं. का येणार नाहीत ते लिहिलं नाही. वाचून भाऊ काय म्हणेल हे त्याला माहीत होतं.

फेब्रुवारीच्या शेवटी लढाई थांबली. चाळिसाव्याला हुसेनमियाँने आपल्या पैशांतून गावाला जेवण घातलं. त्या दिवशी गफूरने कॅम्पातल्या बारा माणसांना खिचडी करून वाढली. तेवढंच जमलं. ट्रक निघून गेले आणि मैदानात गाद्यांच्या जागी चार चौकोनी खुणा राहिल्या.

दाखला अजून आलेला नाही. ड्राफ्ट आणि फॉर्म गफूरच्या ट्रंकेत आहेत. कारणाचा रकाना भरायचा राहिला आहे.